दुखणं थांबलं तो गुरुवार

दत्तमहाराजांच्या नावावर मी एकदा चाळीस बायकांसमोर खोटं बोलले. मुद्दाम नाही बोलले. त्या वेळी मला ते सोळा आणे खरं वाटत होतं. पण खोटं ते खोटंच, आणि तेही देवाच्या नावावर. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. त्यानंतर हातात लेखणी कमी आणि खुरपं जास्त. तेव्हा कुठे पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव उंब्रजजवळ. आमचे हे पल्टनीत हवालदार होते, पेन्शनीत आल्यापासून शेती बघतात. मला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली. उसाच्या मुलखात राहून साखर होणारच की, असं आम्ही हसण्यावारी न्यायचो. कराडच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणायच्या, आठवण राहील तेव्हा घ्यायच्या आणि कुणाच्या घरी वास्तुशांत असली की पंगतीत जिलेबीही घ्यायची, असं चाललं होतं. हसू पळालं ते माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या पायाला जखम झाली तेव्हा. अण्णा पलूसचा. कुस्तीच्या मैदानात हातात माइक धरला की अख्खं मैदान हसवायचा. त्याचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. पण खरं सांगू? अण्णाला पायानं नाही नेलं. पाय गेल्यावर तो बोलायचा थांबला. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. जेवण आणलं की मान हलवायचा. आम्ही सगळे जाऊन जाऊन एकच विचारायचो, जखम कशी आहे? सुकली का? मनात काय चाललंय रं दादा, असं एकानंही विचारलं नाही. मीही नाही. वर्षाच्या आत तो गेला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझे तळपाय पेटायला लागले. निखाऱ्यावर उभं केल्यासारखी आग, मध्येच मुंग्या, मध्येच सुया टोचल्यासारखं. आग सहन करता येते हो, बाळंतपणं काढलेली बाई मी. पण आगीच्या मागून जी भीती आली ना, तिनं माझा जीव टांगणीला लावला. दिवसातनं दहा वेळा न्हाणीचं दार लावून मी बोटं बघायची. काळी पडली का? एकदा अंगठ्याच्या नखाशी काळं दिसलं आणि मी तिथंच ओल्या फरशीवर मटकन बसले. छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, आता इथंच संपलं. बाहेरून हे हाका मारतायत, "अगं, किती येळ? झोपलीस का आत?" शेवटी साबणानं घासलं तर ती चुलीची काजळी निघाली. हसायला यायला पाहिजे होतं. मी रडत होते. बाहेर आले आणि काही कारण नसताना यांच्यावरच खेकसले, "मेलं न्हाणीत सुद्धा सुखानं बसू देत नाही कुणी!" गरीब माणूस, बंब पेटवायला निघून गेला.

यांना का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. सांगितलं असतं तर यांनी पाय बघायला मागितला असता. आमच्या आईनं आम्हाला वाढवलं ते असं की, नवऱ्याला चुकून पाय लागला तरी लगेच वाकून नमस्कार करायचा. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावणं तर लांबच. तसं झालं तर बाईला सात जन्मांचं पाप लागतं, असं ती म्हणायची आणि मी ते कधी तपासून बघितलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण माझा तळपाय यांनी कधी बघितला नव्हता. कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, पाय कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत. तोंडातून शब्द निघाला की खरंच होतं, अशी भीती. जणू मी गप्प बसले तर आजारालाही माझा पत्ता सापडणार नाही.

मग मी महाराजांना साकडं घातलं. औदुंबरला अकरा गुरुवार जायचं, एकवीस प्रदक्षिणा घालायच्या आणि मागायचं एकच, अण्णासारखं माझं करू नको. उंब्रजहून कराड, कराडहून पलूस आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या मिळेल त्या वडापच्या जीपनं औदुंबर. कृष्णेचा घाट, झाडांची सावली आणि आत महाराजांच्या पादुका. त्या पावलांवर डोकं टेकताना मला दर वेळी वाटायचं, महाराजांच्या पावलांवर सगळं जग फुलं वाहतं, आणि मी माझ्या पायांकडं बघायला घाबरते.

पाचव्या गुरुवारी आग थांबली. प्रदक्षिणा संपवून पायरीवर बसले आणि एकाएकी लक्षात आलं की पाय शांत आहेत. मुंग्या नाहीत, सुया नाहीत. मी पाय आपटून बघितला, चिमटा काढून बघितला. काही नाही! मी हात जोडले आणि हमसून हमसून रडले. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. घरी येताना पेढे आणले. यांना नुसतं एवढंच सांगितलं की, पाय जरा दुखत होते, महाराजांनी बरे केले. हे म्हणाले, "डाक्टरला पन एकदा दाव की." मी म्हटलं, "तुमचा विश्वासच नाही देवावर." पुढच्या एकादशीला आमच्या महिलांच्या भजनी मंडळात मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, सेवा केली की महाराज दुखणं ओढून घेतात. बायकांनी गजर केला. माझ्याच वयाची शालन, तिलाही साखर आहे, ती माझा हात धरून म्हणाली, "आता मी पन गोळ्या सोडते बाई, गुरवारच धरते." मी तिला हो म्हटलं.

खरं तर त्या दिवसांत मी आनंदात असायला हवं होतं. पण शंकेचा भुंगा काही डोक्यातून जाईना. एका गुरुवारी पलूसला जीपमधून उतरले, चार पावलं चालले, तर मागून एक कॉलेजची मुलगी ओरडली, "काकू, तुमची चप्पल गाडीतच राहिली!" खाली बघते तर एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा, आणि मला पत्ताच नाही. मी हसले, "वय झालं गं," म्हणाले. मनात मात्र आलं, पायात चप्पल आहे की नाही, हे कळू नये?

मग घरात वास यायला लागला. सडका, गोडसर वास. मी म्हटलं, उंदीर मेलाय. यांना बॅटरी घेऊन कामाला लावलं. कणगी हलवली, माळा उतरवला, कपाटामागं झाडू घातला. दोन दिवस घर उलटंपालटं केलं. उंदीर नाही की उंदराची शेपटी नाही. तिसऱ्या दिवशी हे माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले, माझ्याकडं बघत राहिले आणि मग गोठ्याकडं निघून गेले. आग थांबल्यापासून मी पाय बघायचा सोडला होता आणि घरात मोजे घालायला लागले होते; त्यातल्या एका मोज्याला पिवळा डाग होता. मी मनाला सांगितलं, हळद सांडली असेल. वाईट काही असतं तर दुखलं नसतं का? याच एका वाक्याला मी धरून बसले होते. दिवसातून शंभर वेळा ते वाक्य घोकायची आणि शंभर वेळा माझा त्यावर विश्वास बसायचा नाही. जेवण जाईना. कुणी दारात आलं की माझा वास येईल म्हणून मी लांब बसायची. मंडळात जायचंही सोडलं. अंग दुखतंय म्हणून सांगितलं.

आठवा गुरुवार भर वैशाखातला. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. देवळाभोवतीची फरशी अशी तापली होती की बायका टाचा उचलून पळत होत्या, पोरं चटका बसला की उड्या मारत होती. मी मात्र एका लयीत, संथ चालत होते. आणि मनात काय आलं असेल सांगा! मला वाटलं, बघा, महाराजांनी माझ्यासाठी फरशी गार केली. काय म्हणावं या अकलेला! एकवीस प्रदक्षिणा पूर्ण केल्या आणि चपला घ्यायला बाहेर आले.

बाहेर एक बाई चपला सांभाळत बसायची. पन्नाशीची, काळीसावळी, डोईला पदर घट्ट खोचलेला. मी दर गुरुवारी तिच्याकडं चपला ठेवायची, पण आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी तिनं माझ्या चपला दिल्याच नाहीत. उजवी चप्पल उलटी करून मांडीवर घेऊन बसली होती.

"आवं बाई, तुमी कुठनं आलाय?"

"उंब्रजकडनं."

"ही घालून?" तिनं चप्पल माझ्यापुढं धरली. तळातून एक खिळा आरपार घुसला होता आणि आतल्या बाजूनं बोटाच्या पेराएवढा वर आला होता. त्याच्याभोवती सगळं काळं, ओलं. "म्या मागल्या गुरवारीच हितं डाग बघितला हुता. म्हनलं, बाईला कसं इचारावं. आज तर खिळाच हाय. पाय दावा."

"नको, काही दुखत नाही मला. महाराजांनी..."

"पाय दावा म्हंते न्हवं!"

मी पाय मागं घेतला. पण तिनं माझा घोटा धरला, मला खाली पायरीवर बसवलं आणि पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. अनोळखी बाई, देवळाच्या दारात, इतक्या लोकांसमोर! मी लाजेनं अर्धी झाले. तिनं तळपाय बघितला आणि तिचा चेहराच उतरला. आपल्या पदरानं माझ्या पायाची धूळ टिपली. मग म्हणाली, "टाचंला तापल्या फरशीचं फोड आल्यात. आन् बोटाखाली भोक पडलंय, आतनं पू येतोय. दुखत न्हाई म्हंताय?"

"नाही."

"बाई, तुमचं दुखनं गेलं न्हाई. तुमचा पाय मुका झालाय. माजी आय अशीच हुती. लय उशीर केला आमी."

तीन आठवडे जे वाक्य मी घोकत होते ते एका झटक्यात फुटलं. मला अण्णाची खाट दिसायला लागली. मी तिला म्हटलं, मला इथंच कृष्णेत सोड. ती म्हणाली, "सोडते हां, आधी सांगलीला जाऊ." शेजारच्या फुलवालीला तिनं हाक मारली, "एवढ्या चपलांवर ध्यान ठेव गं," आणि पिशवीतून धुतलेला पंचा काढून माझा पाय बांधला. वडापवाल्याला दटावून गाडी वळवायला लावली. यांना फोन लावायला तिनं माझा मोबाइल मागितला तर मी तो घट्ट धरून बसले.

"यांना नका सांगू."

"का? मारत्यात व्हय?"

"छे हो! देवमाणूस आहे."

"मग देवमानसाला पाय दावायला कसली लाज? मला दावला की." आणि तिनंच फोन लावला.

वाटेत मी तिला विचारलं, तुम्ही किती वर्षं महाराजांची सेवा करता? ती हसली. "म्या कुठली सेवा करतीया. आमी जयभीमवालं. म्या देवळात जात न्हाई. लोकांच्या चपला सांभाळते, पोट भरते." आत गाभाऱ्यात मी आठ गुरुवार डोकं टेकत होते, आणि माझ्या पायाची काळजी होती ती बाहेर बसलेल्या, आत कधी न जाणाऱ्या बाईला. यात चमत्कार आहे की नाही, यावर मी वाद घालत नाही. मला जे दिसलं ते लिहिलं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी पाय बघितला, पायात रक्त किती येतंय ते मशीन लावून बघितलं आणि सांगितलं की एक बोट जाईल, बाकीचा पाय वाचतो का ते दोन-तीन दिवसांत कळेल. हे तोवर मोटारसायकल मारत येऊन पोहोचले होते. यांना बघून मी पायावरची चादर ओढून घेतली. चपलांवाली बाई यांना सगळं सांगून निघाली. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "जाऊ द्या मला, मानसं अनवाणी खोळंबली असतील."

ते तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बोट काढलं. त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण जखमेची लाली पायात वर चढतेय का, हे बघायला सिस्टर यायची. जखम धुण्याच्या सामानाची ती गाडी, तिचं एक चाक करकरायचं. लांबून ते चाक ऐकू आलं की माझे तळहात बर्फासारखे गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. हे "चहा घेतेस का?" विचारायचे, मी उत्तर द्यायची नाही. नामस्मरण करावं म्हटलं तर ओठ हलायचे आणि मन म्हणायचं, गुडघ्याखाली की गुडघ्यावर? दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे उघडले तर समोर भिंत. रंगाचे पोपडे निघालेले. केव्हाची मी त्या पोपड्यांकडं बघत होते, मलाच ठाऊक नाही. आणि एकदम लक्षात आलं. अरे, हे तर अण्णाचं पडणं! अण्णा असाच पडायचा. मीही भिंतीकडं वळले होते.

त्याच दुपारी डॉक्टर बाई आल्या. पाय बघितला, नाडी बघितली आणि जायच्या ऐवजी स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "काकू, पायाचं मी बघते. मनात काय चाललंय? जगावंसं वाटतं का?"

किती साधा प्रश्न. पण मला कुणी तो विचारला नव्हता, आणि मीही अण्णाला विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही वाटत. दुसऱ्याच्या अंगावर पडून जगायचं नाही मला. भीतीनं जीव नकोसा झालाय. वर्ष झालं." एकदा बांध फुटल्यावर सगळंच बोलले. काजळी, उंदीर, मोज्याचा डाग, सगळं. दारात हे उभे होते. यांनीही ते ऐकलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, पायाच्या दुखण्यात निम्मी माणसं मनानं आधी खचतात आणि कुणी सांगत नाही. भीतीलाही औषध असतं, बोलणंही औषध असतं. मनाचं बघणाऱ्या एका बाईंना पाठवते. मी उसळले, "मी काय वेडी आहे का?" त्या म्हणाल्या, "वेड्या नाही हो, घाबरलेल्या आहात. आणि घाबरण्यासारखंच आहे." त्यांच्या या बोलण्यानं मला फार हलकं वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं, माझी भक्ती कच्ची म्हणून भीती वाटते. त्या दुसऱ्या बाई आल्या, रोज अर्धा तास माझं ऐकून घ्यायच्या. एक गोळीही सुरू झाली. अजून त्यांच्याकडं महिन्यातून एकदा जाते आणि ते लपवत नाही.

डॉक्टर बाई गेल्यावर हे माझ्या खाटेशी येऊन बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वास कळला हुता गं. उंदीर न्हवं, तुझा पाय हाय, हे मला तवाच कळलं. तू चिडशील म्हनून गप बसलो. चुकलं माझं." माझा पैलवानासारखा माणूस, आणि डोळ्यातून टिपं गळत होती. मी यांना चाळीस वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "आवं, लपवलं तर मी, आणि चुकलं तुमचं कसं?" मग आम्ही दोघंही रडलो. शेजारच्या खाटेवरची आजी सुद्धा रडली, काही माहीत नसताना.

तिसऱ्या दिवशी लाली खाली उतरली. पाय वाचला. घरी सोडताना डॉक्टर बाईंनी बजावलं, पाय आता सांगणार नाही कुठं लागलं ते, म्हणून रोज सकाळी तळपाय कुणीतरी बघायचा. बोटांच्या बेचक्या, टाच, सगळं. मी म्हटलं, आरशात बघेन मी. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचायला सांगितला. मला खालच्या दोन ओळी दिसेनात. साखर डोळ्यांतही उतरली होती. हे म्हणाले, "मी बघतो." मी पाय पोटाशी घेतला. "नको. पाप लागेल मला."

यांनी मला समजावलं नाही. खाली वॉर्डच्या फरशीवर बसले, सगळ्या पेशंटांच्या देखत, आणि म्हणाले, "पल्टनीत लांब मार्च झाला की मी जवानांचे पाय बघायचो. रोजचं काम हुतं ते. एकानं लाजून फोड लपवला. दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरनं आणावा लागला. तवापास्नं मी कुनाला इचारलं न्हाई, बरं हाय का म्हनून. सरळ सांगायचो, पाय वर." आणि मग हवालदाराच्या आवाजात, "चल. पाय वर!" शेजारची आजी दचकली. मीही दचकले, आणि काय झालं कुणास ठाऊक, पाय वर केला.

बरी झाल्यावर पहिलं काम केलं ते मंडळात उभं राहायचं. पुन्हा त्याच बायका. मी सांगितलं, महाराजांनी माझं दुखणं ओढून घेतलं नव्हतं. पाय मेला होता आणि मी त्याचे पेढे वाटले. कुणी गजर केला नाही. एकजण पुटपुटली, देवावरचा विश्वास उडाला वाटतं हिचा. शालनला मी तिथून हात धरूनच कराडला नेलं. वाटेत तिनं मला चांगल्या चार शिव्या दिल्या, पण गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

राहिलेले गुरुवार मी पूर्ण केले, पण वेगळ्या रीतीनं. आता मला खास मऊ चपला दिल्या आहेत, मागं पट्टा असलेल्या, आणि एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. चपलांनिशी देवळात कसं जाणार? मी चपलांवाल्या बाईशेजारी पोत्यावर बसते आणि तिथूनच हात जोडते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं आधी माझ्या चपला निरखल्या. "ह्या ब्येस हायत," म्हणाली आणि मला सरकून जागा दिली. तिला साडी दिली तर रागावली. भाकरी-पिठलं नेलं ते मात्र आवडीनं खाल्लं. महाराजांनी मला आत बोलावलं नाही, बाहेर बसवलं, याचं मला आता वाईट वाटत नाही.

भीती गेली का? नाही गेली. कुणी गेली म्हणून सांगितलं तर मी आता विश्वास ठेवणार नाही. रोज सकाळी सात वाजता ती येते. हे पाट घेऊन खाली बसतात, चष्मा लावतात, बॅटरी पेटवतात. माझ्या छातीत धडधड सुरू होते. आज काय निघेल? मी डोळे मिटते, महाराजांचं नाव घेते. आणि रोज एक गोष्ट नव्यानं कळते, ती म्हणजे यांचा हात मला कळत नाही. तळपायाला काही जाणवतच नाही. डोळे मिटल्यावर माझा पाय यांच्या हातात आहे की अधांतरी, हे मला समजायला मार्ग नाही. चाळीस वर्षांत ज्या हाताला मी पाय लागू दिला नाही, तो आता रोज लागतो आणि मला त्याची ऊब नाही. याचं आधी फार रडू यायचं. आता वाटतं, महाराजांचंही असंच असेल. धरलेलं कळत नाही म्हणून मी समजत होते, सोडलंय.

मी डोळे न उघडता विचारते, "आवं, धरलाय का?"

हे म्हणतात, "धरलाय."

मग मी पाय सैल सोडते.